मेघराजाची कृपा

केंद्र सरकारच्या क्लाउडचं नावच ‘मेघराज’. तेव्हा पावसाच्या मावळाइतका त्याचा हक्काचा वारसदार कोण? परवा शिरगावात, प्रतिशिर्डीच्या अलीकडे, एका सेवा केंद्रावर दाखल्यासाठी गेलो. पडद्यावर चकती प्रदक्षिणा घालत होती. “काका, माहिती तीन सर्व्हरवर असते. एक पडला तर दुसरा सांभाळतो,” केंद्रचालक म्हणाला. केवढी दूरदृष्टी! त्या दिवशी तिघं एकमेकांना सांभाळत होते. हीच सोय रांगेलाही द्यावी: माझी एक प्रत इथे, दुसरी वडगावला; एक दमली की दुसरी उभी.

तासाभराने चालकाने टेबलाखालून दोनशेपानी वही काढली, बोटाला थुंकी लावली. नोंद लगेच सापडली.

“हिचा बॅकअप?”

“दुसरी वही घरी आईकडं असते.”