काडी पेटीत, ठिणगी बाहेर

स्वीडिश माणूस जन्मतःच सावध, थंड आणि किंचित कंटाळवाणा असतो अशी जगाची समजूत आहे. ती खोडून काढायची तर आवाज चढवावा लागेल, म्हणून स्वीडिश माणूस त्या फंदात पडत नाही. व्हॅटर्न सरोवराच्या दक्षिण टोकावरचं यॉनशॉपिंग शहर मात्र या समजुतीविरुद्धचा सज्जड पुरावा आहे. १२८४ साली राजाकडून सनद मिळालेलं हे गाव डेन्मार्कच्या फौजांच्या वाटेवर बसलं होतं, आणि त्या फौजांना येण्याजाण्याची सवय होती. १६१२ मध्ये त्या पुन्हा चालून आल्या, तेव्हा घरं शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून गावकऱ्यांनी ती स्वतःच पेटवून दिली आणि किल्ला गाठला. सावध माणसांचं हे काम नव्हे. पुढे गाव जुन्या जागी उभं राहिलंच नाही. ते पूर्वेला सरकलं आणि व्हॅटर्न आणि मुंकशॉन या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर नव्यानं वसलं. एकदा सगळं जाळून बसलेल्या लोकांनी दुसऱ्या खेपेला दोन्ही अंगांना पाणी घेऊन घरं बांधावीत, यात स्वभावापेक्षा हिशेबच जास्त दिसतो. स्वीडनचा सावधपणा रक्तातून आलेला नाही, तो अनुभवानं शिकलेला आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि या गावानं तर पुढे त्याचाच धंदा केला.

हा धंदा काडेपेटीचा. सुरुवातीच्या काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे. ती काडी भिंतीवर पेटे, बुटाच्या तळव्यावर पेटे आणि मनात आलं तर मालकाच्या खिशातही पेटे. १८४४ मध्ये गुस्ताफ एरिक पाश या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं तोडगा काढला: निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला लावायचा आणि बाकीची रसायनं काडीच्या टोकाला. यॉनशॉपिंगच्या योहान आणि कार्ल लुंडस्ट्रॉम या भावांनी सरोवराकाठी कारखाना काढून ही युक्ती बाजारात चालेल अशी केली, आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदक मिळालं. भेटल्यावर भडका उडवणाऱ्या दोन गोष्टींना एकाच घरात नांदवायचं, पण मालकाच्या इच्छेशिवाय त्यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच या शोधाचं मर्म. आपल्याकडची एकत्र कुटुंबं हेच करायला गेली आणि बहुतेक ठिकाणी पट्टी आणि काडी एकाच स्वयंपाकघरात ठेवून बसली.

गावाच्या रोजच्या जगण्यात हीच व्यवस्था दिसते. स्वतंत्र चर्चपंथांची इथे इतकी दाटी की स्मोलंड प्रांतातल्या या गावाला ‘स्मोलंडचं जेरुसलेम’ म्हणतात. आणि त्याच गावातल्या एल्मिया प्रदर्शन केंद्रात २००१ पासून ड्रीमहॅक हा कॉम्प्युटर-खेळांचा मेळा भरू लागला. म्हणजे हजारो पोरं आपापले कॉम्प्युटर बगलेत मारून येत, रात्ररात्र पडद्यावर एकमेकांवर गोळ्या झाडत आणि मध्येच शिस्तीत रांग लावून खायला घेत. भक्त आणि नेमबाज यांची टक्कर होत नसे, कारण दोघांचे हॉल वेगळे. भांडणासाठी १६३४ पासून वरिष्ठ न्यायालयच बसवलेलं आहे. बिल्डिंगमध्ये धुलाईची खोली सामायिक, पण वेळ आधी लिहून ठेवायची. शेजाऱ्याचा राग आला तर दार ठोठावायचं नाही, अत्यंत नम्र भाषेत जळजळीत चिठ्ठी डकवायची. कडक दारू जवळजवळ फक्त सरकारी दुकानात, ते शनिवारी दुपारीच बंद आणि रविवारी उघडतच नाही. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांनाही शनिवार नेमून दिलेला. याच नगरपालिकेतल्या ग्रेना गावात अमालिया एरिक्सन या विधवेनं १८५९ मध्ये परवाना काढून तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंट कांड्या विकायला सुरुवात केली, तिथे आता दुकानामागे दुकान त्यांचंच आहे. सहा दिवस लेकराला तिथून हात धरून नेणाऱ्या आईबापांच्या संयमाला पॅरिसात पदक मिळालेलं नाही.

यावर कोणी म्हणेल, धुलाईची खोली आणि सरकारी दारू साऱ्या स्वीडनभर आहे, त्यात यॉनशॉपिंगचं काय? खरं आहे. या सवयी इथे जन्मल्या असा माझा दावा नाहीच. पण इतरत्र जो सावधपणा उपदेशापुरता होता, त्याचा इथे पगार होत असे. आणि उपदेशापेक्षा पगारानं सवय लवकर लागते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ही सुरक्षितता कोणाची? गिऱ्हाइकाची, हे उघड. त्याच कारखान्यात जुन्या फॉस्फरसच्या काड्याही अनेक वर्षं बनत राहिल्या आणि त्या वाफेनं कामगारांच्या जबड्याची हाडं सडत. पेट्या चिकटवण्याचं काम बायका-मुलं घरी बसून करत. ते सुटलं अलेक्झांडर लागरमनच्या यंत्रांमुळे, दयेमुळे नव्हे. पण याच उदाहरणानं माझा मुद्दा पक्का होतो. सावधपणा रक्तात असता तर कामगारांच्या वाट्यालाही पहिल्या दिवसापासून आला असता.

स्वीडिश उद्योगपती ईव्हार क्रूगरकडे पाहिलं तर रक्ताचा प्रश्नच मिटतो. १९१७ मध्ये त्यानं यॉनशॉपिंगसकट स्वीडनमधले काडेपेटीचे सगळे मोठे कारखाने एका कंपनीत गोळा केले आणि सरकारांना कर्जं देऊन त्यांच्या देशात काडेपेटीची मक्तेदारी घेण्याचा सपाटा लावला. आपल्या अंबरनाथची विमको ही काडेपेटीची कंपनी म्हणजे याच स्वीडिश पसाऱ्याची १९२३ मधली शाखा. म्हणजे कित्येक मराठी चुलींची पहिली ठिणगी व्हॅटर्नकाठच्या अकलेची होती. सुरक्षित काड्या विकणाऱ्या या गृहस्थाचे हिशेब मात्र कुठेही घासले तरी पेटतील असे होते. १९३२ मध्ये पॅरिसात त्यानं स्वतःवर गोळी झाडली आणि मागे खोटे इटालियन रोखे सापडले. आज स्वीडिश काडी टीडाहोम गावात बनते. यॉनशॉपिंगच्या जुन्या कारखान्यात संग्रहालय आहे.

सावधपणा शिकता येतो तसा तो अंगाशीही येतो, हे मान्य करायला हवं. ग्रेनाहून फेरीबोटीनं विसिंगसो बेटावर गेलं की ओकचं सरळसोट, गंभीर जंगल लागतं. पुढेमागे युद्धनौकांना लाकूड कमी पडेल या धास्तीनं सरकारनं एकोणिसाव्या शतकात ते लावलं. ओक तयार व्हायला सव्वाशे-दीडशे वर्षं लागतात. झाडांनी आपला शब्द पाळला, पण तोवर आरमार लोखंडाचं झालं होतं. १९७५ च्या सुमारास वनखात्यानं नौदलाला रीतसर कळवलं, असं सांगतात, की आपण मागवलेलं लाकूड तयार आहे, घेऊन जावं.