सोमवारचे पैलवान

अकलोलीत पैलवान दोन प्रकारचे. एक भाताची पोती खांद्यावर टाकून माळ्यावर चढवतात आणि आपण पैलवान आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. दुसरे येत्या सोमवारपासून पैलवान होणार असतात. आजचा विषय दुसरे. ही जात गावोगावी आढळते. पण आमच्याकडे तिला हवापाणी विशेष मानवलं आहे.

वय तिशीच्या आगेमागे, नोकरी भिवंडीच्या गोदामात सुपरवायझरची. खोकी मोजायची, उचलायची दुसऱ्यांनी. कुणाच्या तरी हळदीच्या फोटोत स्वतःला बाजूने पाहिलं, की रात्री निश्चय होतो. निश्चयानंतरची पहिली पायरी व्यायाम नव्हे, ऑर्डर! वीस किलोचा डंबेल सेट, मॅट, हातमोजे, शेकर आणि भिंतीवर लावायला एक पिळदार परदेशी माणूस. डिलिव्हरीचा पोरगा ते खोकं एका हाताने ओटीवर ठेवतो आणि दुसऱ्या हाताने मोबाइल काढून ओटीपी विचारतो. पैलवान तेच खोकं दोन्ही हातांनी आत नेतात. उंबरठ्यावर एक विसावा घेऊन.

आमच्या शेजारची वज्रेश्वरी नवसाची. चिमाजी अप्पांनी नवस बोलून 1739 साली वसईचा किल्ला घेतला आणि मग देवीचं देऊळ उभं राहिलं. आधी लढाई, मग देऊळ. आमचे पैलवान क्रम उलटा लावतात. रविवारीच आरशासमोर दंड फुगवलेला फोटो स्टेटसला चढतो. खाली लिहिलेलं असतं, ‘सुरुवात’.

जेवताना घरात तात्त्विक चर्चा झडते. ताटात वालाचं बिरडं, हातात पावडरचा डबा.

“आई, प्रोटीन पाहिजे प्रोटीन.”

“मग ते ताटात काय आहे? वाल सोलून माझी बोटं गेली.”

वालात प्रथिनं असतात हे डब्यावर छापलेलं नसल्यामुळे पैलवानांना ते पटत नाही.

सोमवार उजाडतो. आजोबा तालमीत पाचशे बैठका मारायचे, ही घराण्याची दंतकथा. तेव्हा नातवाने शंभर तरी मारायलाच हव्यात. त्यावर जोर, त्यावर डंबेल, त्यावर मोबाइलमधला गोरा मास्तर ओरडून सांगेल ते सगळं. घाम निथळतो, समाधान वाटतं. अंगवळणी न पडलेलं काम एकदम अंगावर पडलं, की स्नायू खरे दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हे मास्तरने सांगितलेलं नसतं. मंगळवारी पैलवानांना बसता येतं, उठता येत नाही. बुधवारी खिशातला रुमाल काढायलाही बायकोला हाक मारावी लागते.

अशा वेळी अकलोलीचा माणूस जातो कुठे? रामेश्वराच्या देवळाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांवर. तिथे मुंबईहून आलेली आजोबामंडळी गुडघे बुडवून बसलेली असतात. पैलवान कण्हत, कठडा धरत एकेक पायरी उतरतात.

“काय रे बाळा, संधिवात?”

“नाही आजोबा, व्यायाम.”

“अरेरे! कधीपासून?”

“सोमवारपासून.”

आजोबा सरकून जागा देतात. त्यांच्या डोळ्यांत खरी सहानुभूती असते.

पुढचा सोमवार येतो तेव्हा गावात साखरपुडा असतो, त्यापुढच्या सोमवारी पाऊस. डंबेलची एक तबकडी आई लोणच्याच्या बरणीवर दाबाला ठेवते. घरात नियमाने काम करणारं वजन तेवढंच.

वास्तविक या पैलवानांना हवी असलेली विद्या फारच साधी आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना सांगते, की आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना काम द्या. रोज नव्हे, दोन दिवस! खुर्चीवर बसून उठणं ही बैठक. भिंतीला हात टेकून मारायचे ते जोर. भिंत सोपी झाली की ओटा, ओटा सोपा झाला की जमीन. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची. पाच किलो तांदळाची पिशवी धरून कमरेतून वाकायचं आणि ती पोटाकडे ओढायची. पाठ मात्र सरळ. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, श्वास न कोंडता. अजून दोन-तीन मारता आले असते असं वाटत असतानाच थांबायचं. मध्ये एक-दोन दिवस विश्रांती. बारा सहज जमायला लागले, की वजन थोडं वाढवायचं. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दंड फुगत नाहीत, पण ताकद वाढते. कारण आहे ते स्नायू नीट कामाला जुंपायला मज्जासंस्था आधी शिकते. स्टेटसला लावण्याजोगं यात काहीच नाही आणि पैलवानांची गोची नेमकी तिथेच होते.

एरवी माणूस लाख मोलाचा. कुणाचं वाईट चिंतत नाही, गावातल्या डिलिव्हरीच्या पोरांचा व्यायाम त्याच्यामुळेच होतो. कमी पडतो तो फक्त दुसरा आठवडा; आणि तो कुठल्याही गोदामात मिळत नाही.

तेव्हा मंडळी, येत्या सोमवारची वाट पाहू नका. आज जो वार असेल तो चांगला. हे वाचताना खुर्चीत बसला असाल, तर उठा आणि परत बसा. झाली एक बैठक. आता आणखी सात.