टाकू नका, लागतंय

प्रत्येक गल्लीत एक 'टाकू नका' असतो. कुणी काही भंगारात घालायला निघालं, की आवाज येतो, "टाकू नका, लागतंय." आमच्या सांगलीच्या गल्लीतला हा आवाज तात्यांचा. त्यांच्या माडीवर बंद पडलेले तीन मिक्सर, बिनपात्यांचे पंखे, पंख्यांविना पाती आणि डब्याडब्यांतून जातवार लावलेले नटबोल्ट आहेत. काकू त्या खोलीला सासर म्हणतात. तिथं त्यांचं काही चालत नाही.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. तात्या चार दिवस माडीवर याच भंगारासोबत अडकले. बाकीचे होडीची वाट बघत होते, तात्या आपल्या जुन्या सायकलीकडे बघत होते. मोतिहारीच्या महंमद सैदुल्लांनी १९७५ च्या पुरात पाण्यावर चालणारी सायकल केली, हे त्यांनी कधीतरी वाचलेलं. "बिहारला जमतं आणि सांगलीला जमत नाही?"

पाणी ओसरलं, गल्लीनं चिखल काढला, तात्यांनी दोनशे लिटरची दोन निळी बॅरल आणली. "दोन्ही बुडवायला चारशे किलो लागतं. लोखंड वजा करा, मी बसतो, तरी वर एक बारकी म्हैस बसेल."

"पायडल कोण मारणार, म्हैस?" काकूंनी विचारलं.

खरी मजा पंख्याच्या पात्यांनी आणली. टेबलफॅनची पाती पाण्यात फिरवायची, हे सोपं. पण पायडलचा आस आडवा आणि पात्याचा आस उभ्या लांबीत, म्हणजे चेनला मध्येच पाव वळसा द्यावा लागतो. चेन वळसा घेते, नाही असं नाही, पण त्यासाठी दोन चाकांत भरपूर अंतर हवं. तात्यांकडे दीड हात होतं. त्यामुळं दर दहा पायडलला चेन उतरायची आणि तात्या एखाद्या रुसलेल्या जावयाला समजवावं तसं तिला परत दात्यांवर बसवायचे. हे सहा महिने चाललं. आम्ही संध्याकाळी चहा घेऊन बघायला जायचो. कुणी सुचवलं, की मागचंच चाक पाण्यात सोडा आणि त्याला तेलाच्या डब्याचे पत्रे वल्ह्यांसारखे बांधा. तात्या त्या माणसाशी आठवडाभर बोलले नाहीत. मग तेच केलं, आणि ही आपली मूळचीच कल्पना असल्याचं सांगितलं.

(माझ्या मुलीच्या सायकलचं सीट त्या नावेवर आहे. मी अजून मागितलेलं नाही.)

नाव पाण्यात सोडायचा दिवस उजाडला. तात्यांच्या कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब, कपाळाला गंध. काठावर काकू. "कृष्णेत मगरी हायत, लक्षात आहे ना?" तात्या म्हणाले, "मगरीला चेन दिसली की ती लांब राहते." याला आधार काय, ते कुणी विचारलं नाही.

आणि नाव चालली! पत्रे फटफट पाणी उडवत होते, तात्या ताठ बसले होते. चव्वेचाळीस दात्यांचं पुढचं चाक, अठरा दात्यांचं मागचं. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरत होतं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. समोर जलपर्णीचा हिरवा गालिचा आला. तात्यांनी शांतपणे उलटं पायडल मारलं.

टर्र्र्र.

फ्रीव्हील. उतारावर आपण पाय न हलवता बसतो ना, ते ज्याच्या जिवावर, तेच. उलटं कितीही मारा, चाकाला खबर नाही. तात्या टर्र्र्र करत जलपर्णीत शिरले आणि तिथंच थांबले. शेवटी दोर टाकून ओढून आणलं, येताना टेम्पोत नाव वर आणि तात्या खाली बसले.

आम्हाला वाटलं, संपलं. रात्री तात्या आमच्या दारात. मला वाटलं, सीट परत करायला आले. त्यांची नजर मात्र कोपऱ्यातल्या माझ्या नातवाच्या तीनचाकीवर होती. खाली वाकून त्यांनी पायडल एकदा पुढे, एकदा मागे फिरवलं.

"ही मागंपण जातीय," ते हळूच म्हणाले. "टाकणार असलात, तर टाकू नका."