सर्वांत टाकाऊ बाँडपट

सर्वांत टाकाऊ बाँडपट कोणता, यावर चाहत्यांचे एकमत होत नाही; उमेदवार मात्र ठरलेले असतात. ‘डाय अनदर डे’ (२००२) बहुधा आघाडीवर. त्यात बाँडची मोटार अदृश्य होते आणि तो संगणकाने काढलेल्या लाटेवर स्वार होतो. दोन्हींत न दिसणारी मोटारच जास्त खरी वाटते. ‘मूनरेकर’मध्ये (१९७९) व्हेनिसच्या चौकात गोंडोला जमिनीवर चालते आणि ते पाहून कबूतरही चक्क दोनदा मान वळवते. नाके मुरडून झाली, तरी बाँडपटांमधला या चित्रपटाचा गल्ल्यावरचा विक्रम १९९५पर्यंत टिकला. ‘अ व्ह्यू टु अ किल’ (१९८५) आला तेव्हा बाँड साकारणारे रॉजर मूर ५७ वर्षांचे होते; सरकारी नोकरीत या वयाला पेन्शनचे कागद भरायला घेतात. ‘क्वांटम ऑफ सोलेस’च्या (२००८) वेळी लेखकांचा संप होता. बाँड साकारणारा डॅनियल क्रेग आणि दिग्दर्शक यांनी काही प्रसंग स्वतःच लिहिले, त्यामुळे तिथे लेखकांवर खापर फोडण्याचीही सोय उरली नाही.