कोठावंत

कोठावंत हा मध्यमवर्गीय महाराष्ट्रातला साठी ओलांडलेला पुरुष होय. पुण्याच्या पेठा, ठाणे-डोंबिवलीच्या सोसायट्या, नाशिकच्या कॉलन्या आणि उन्हाळ्यात न्यू जर्सीतले मुलाचे घर ही त्याची वसतिस्थाने. बँक, वीज मंडळ किंवा शाळा यांपैकी कुठून तरी तो निवृत्त झालेला असतो. त्याला ओळखणे सोपे आहे. ‘काय, कसं काय?’ असे विचारले की बाकीचे लोक हवापाण्याबद्दल बोलतात, कोठावंत पोटाबद्दल बोलतो. ‘आज जरा समाधानकारक नाही झालं,’ एवढेच तो म्हणतो. काय झाले नाही हे सांगण्याची गरज त्याला वाटत नाही आणि ऐकणाऱ्याचेही त्यावाचून काही अडत नाही.

त्याचा दिवस तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने उजाडतो. मग कोमट पाणी, मग बिनदुधाचा चहा, मग येरझाऱ्या, मग वाट पाहणे. रात्री इसबगोल घ्यायचे. मात्र सोमवारी नाही, कारण सोमवारी त्रिफळा. एरंडेल महिन्यातून एकदा, रविवारी, आणि त्या रविवारी घरातल्या बाकीच्यांनी आपापली कामे पहाटेच उरकून घ्यायची असतात. सून नवीन असेल तर तिला हे सासू हळूच सांगते. एवढ्या साधनेमुळे कोठावंताचे ज्ञान मोठे असते, पण ते दोन्ही टोकांपुरतेच असते: काय घातले आणि काय निघाले. मधल्या दीड मीटर मोठ्या आतड्यात नेमके काय चालले आहे, हे दुर्बिणीने पाहू या असे कोणी म्हटले, की आयुष्यभर या विषयावर मोकळेपणाने बोलणारा हा माणूस एकाएकी संकोची होतो.

शौचावाटे रक्त पडले तर निदान तो स्वतःच करतो, आणि ते नेहमी एकच असते: मूळव्याध. हे निदान त्याला वडिलांकडून मिळालेले असते. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. खरी अडचण तीच आहे. मूळव्याध असलेल्याला आतड्यात गाठ होत नाही असा काही शरीराचा नियम नाही. शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना उतरलेले वजन, रक्तातले लोह कमी होत जाणे, ही सगळी दुर्बीण घालून पाहण्याची कारणे आहेत. कोठावंत यातल्या पहिल्याचा दोष हॉटेलच्या तेलाला देतो, दुसऱ्याचे श्रेय सकाळच्या फेरीला, आणि तिसऱ्यासाठी त्याने रक्त तपासून घेतलेले नसते.

घराण्याचा इतिहास विचारल्यावर तर डॉक्टरांची पंचाईतच होते. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर तपासणी चाळिशीपासून, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात तो आढळला त्याच्या दहा वर्षे आधीपासून सुरू करतात; यांपैकी जे आधी येईल ते धरायचे. हा हिशेब करायला आजाराचे नाव माहीत असावे लागते. जुन्या मराठी घरांत ते नाव उच्चारत नसत. ‘अण्णांना पोटाचं काहीतरी झालं होतं’, ‘मोठ्या काकांना ते झालं होतं’, एवढ्यावर दोन पिढ्यांचे वैद्यकीय दप्तर आटोपलेले असते. कोठावंताला अण्णांच्या मुंजीची तिथी ठाऊक असते, मृत्यूचे कारण ठाऊक नसते.

त्याच्या मागे लागणारी पहिली व्यक्ती बहुधा परदेशातला मुलगा असते. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने 2021 मध्ये आतड्याच्या तपासणीचे वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले. त्यामुळे न्यू जर्सीत मुलाला पंचेचाळिसावे लागताच त्याच्या डॉक्टरांनी विषय काढला; मुलगा शुक्रवारी तपासून आला आणि शनिवारी त्याने वडिलांना फोन केला. कोठावंताचे उत्तर तयार असते: ‘हे तिकडचं झालं. आपल्याकडे हे होत नाही.’ हे म्हणणे अगदीच निराधार नाही. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी नाही. पण कमी होते म्हणजे होत नाही असे नव्हे, आणि ज्याला रक्त पडते आहे त्याने देशाच्या सरासरीवर विसंबून राहण्यात काही अर्थ नाही. यापुढची कारणे पंचांगातून येतात: पितृपक्ष, दिवाळी, पुतणीचे लग्न, आंब्याचे दिवस. आमरसाच्या महिन्यात आतडे रिकामे करणे त्याला तत्त्वतः मान्य नसते.

शेवटी सोसायटीतल्या कोणाचे तरी ऑपरेशन होते आणि कोठावंत पोटविकारतज्ज्ञाकडे जातो. तिथे त्याला पहिला धक्का बसतो तो इसबगोलाचा. तपासणीच्या काही दिवस आधी इसबगोल आणि लोहाच्या गोळ्या बंद करतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात, ते आपल्या मनाने ठरवायचे नसते. दुसरा धक्का आहाराचा. जे खाल्ल्याने पोट साफ होते असे तो आयुष्यभर सांगत आला, नेमके तेच दोन-तीन दिवस वर्ज्य असते: पालेभाज्या, भाकरी, पेरू, अंजीर, मोड आलेली कडधान्ये. बी आणि साल आतड्याच्या भिंतीला चिकटून राहते, दुर्बिणीची वाट अडवते. टोमॅटो नको, तीळ नकोत, खसखस नको. मऊ भात चालतो, पांढरा ब्रेड चालतो. ज्या मैद्याला त्याने वीस वर्षे शिव्या दिल्या, तो आता डॉक्टरांच्या सहीने ताटात येतो. साबुदाण्याच्या खिचडीबद्दल तो आशेने विचारतो. दाण्याच्या कुटामुळे तीही बाद होते.

आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे पातळ पदार्थ घ्यायचे: शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबाचे सरबत, बिनदुधाचा चहा, भाताची निवळ. कोकम सरबताला मात्र बंदी असते, कारण त्याचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसू शकतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ या परंपरेत वाढलेल्या माणसाला हा पहिला खरा उपास घडतो. दुपारी चारपर्यंत तो शांत असतो. साडेचारला शेजारच्या घरातून फोडणीचा वास येतो, आणि घरातल्यांनी त्या वेळी त्याच्याशी बोलू नये हे उत्तम.

संध्याकाळी पावडर येते. ती पाण्यात कालवून साधारण दोन लिटर द्रावण करतात. काही ठिकाणी त्याहून जास्त. त्यातले मुख्य द्रव्य आतड्यात शोषले जात नाही. ते पाणी धरून ठेवते आणि सगळे धुऊन बाहेर नेते. सोबतच्या क्षारांमुळे शरीरातले क्षारांचे गणित बिघडत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास, निम्मे संध्याकाळी, निम्मे तपासणीच्या चार ते सहा तास आधी, अशी हल्लीची पद्धत आहे. सगळे एकदम प्यायल्यापेक्षा असे विभागून प्यायल्याने आतडे अधिक स्वच्छ होते. चव खारट आणि वर लिंबाची. गार करून, स्ट्रॉने प्यायले तर जाते. पहिल्या ग्लासाला कोठावंत म्हणतो, ‘हे काहीच नाही, आम्ही एरंडेल प्यायलेली माणसं.’ तिसऱ्या ग्लासाला तो काही म्हणत नाही. चौथा ग्लास हातात असतानाच तो उठतो, आणि त्यानंतर रात्रभर त्या घरातले एक संडास त्याच्या नावावर असते. एकच संडास असलेल्या घरांत बाकीचे लोक शेजाऱ्यांशी असलेले संबंध तपासून पाहतात.

शेवटी निघते ते फिकट पिवळे, स्वच्छ पाणी. तेच हवे असते. मात्र तीस वर्षांच्या त्रिफळ्याला जे साधले नव्हते ते एका रात्रीत पावडरीला साधले, हे कोठावंताच्या मनाला लागते. सकाळी तो डॉक्टरांना विचारतो, हीच पावडर दर महिन्याला घेतली तर? डॉक्टर नाही म्हणतात. त्याचा विश्वास बसत नाही.

प्रत्यक्ष तपासणीचे वर्णन करण्यासारखे फारसे नाही, कारण सांगणारा झोपेत असतो. शिरेतून गुंगीचे औषध देतात. दुर्बीण लहान व मोठे आतडे जिथे जुळते त्या टोकापर्यंत नेतात आणि खरे निरीक्षण ती परत आणताना करतात. या परतीला निदान सहा मिनिटे द्यावीत असा जुना दंडक आहे, कारण घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून पॉलिप सुटतात. पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावरचे कोंब. त्यांतल्या काही प्रकारांचाच पुढे कर्करोग होतो, आणि त्यालाही बहुधा दहाएक वर्षे लागतात. दिसलेला कोंब तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापून काढता येतो. न्यू यॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी 1969 मध्ये हे करून दाखवले, आणि तेव्हापासून ही तपासणी रोग शोधण्यापुरती न राहता रोग टाळणारी झाली. कोठावंत मात्र पुढे शपथेवर सांगतो, की तो पूर्ण वेळ जागा होता.

जाग आल्यावर नर्स विचारते, ‘काका, गॅस पास झाला का?’ पाहण्यासाठी आतड्यात हवा भरलेली असते, ती बाहेर जाणे आवश्यक असते. ज्या कृतीबद्दल त्याने आजवर बोलणी खाल्ली, तिची वाट एक अख्खा वॉर्ड पाहतो आहे, हा अनुभव त्याला सुखावतो. चोवीस तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका, असेही सांगतात. सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक त्यामुळे एक दिवस लांबतो.

यानंतर कोठावंताची प्रौढावस्था सुरू होते. आतडे किती स्वच्छ होते हे मोजायची बॉस्टनची एक श्रेणी आहे. आतड्याच्या तीन भागांना शून्य ते तीन गुण देऊन बेरीज करतात. कोठावंताला नऊपैकी नऊ मिळालेले असतात आणि ते तो नातवाच्या दहावीच्या टक्क्यांआधी सांगतो. फाइलमधले रंगीत फोटो चहानंतर पाहुण्यांपुढे येतात. सगळे ठीक असल्याने डॉक्टरांनी ‘आता दहा वर्षांनी’ असे म्हटलेले असते. चौसष्टाव्या वर्षी ते ऐकून तो जाहीर करतो, की चौऱ्याहत्तरपर्यंतची हमी लेखी मिळाली. पॉलिप निघाला असता तर संख्या, आकार आणि प्रकार पाहून बोलावणे लवकर आले असते, हा भाग तो गाळतो.

हा माणूस कंटाळवाणा खरा, पण निरुपयोगी नाही. अमेरिकेत केटी कुरिक या वृत्तनिवेदिकेने पतीच्या आतड्याच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर, 2000 च्या मार्चमध्ये स्वतःची तपासणी टीव्हीवर दाखवली, आणि पुढचे काही महिने तिकडे तपासण्यांचे प्रमाण वाढल्याचे नोंदले गेले. सोसायटीच्या बाकावरचा कोठावंत त्याच मार्गाचा प्रवासी आहे. त्याचे ऐकून बाकावरचे दोघे-तिघे खरोखर जाऊन येतात.

त्याचे ऐकायला सर्वांत जास्त मिळते ते त्याच्या पत्नीला, आणि तपासणी तिचीच झालेली नसते. पावडर तिने कालवली, निवळ तिने काढली, दवाखान्याबाहेरच्या खुर्चीवर चार तास तीच बसली. तिचे हिमोग्लोबिन कित्येक वर्षे नऊच्या पुढे गेलेले नाही आणि त्यावर घरात बीट व खजूर हा उपाय ठरलेला आहे. पाळी थांबल्यानंतर लोह कमी राहत असेल, तर ते आतड्यातून झिरपत नाही ना, हे पाहणे भाग असते. म्हणजे त्या घरात दुर्बिणीवर पहिला हक्क कदाचित तिचा होता. गर्भाशयमुख आणि स्तन यांची तर गोष्टच निघालेली नसते, आणि नेमके यांवरचे मोठे काम याच मातीत झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात, आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासात एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीच्या एकाच फेरीने ते जवळपास निम्म्यावर आले.

तिशीपुढच्या सर्वांसाठी तोंडाची, आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. ती सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत होते आणि तिला पैसे पडत नाहीत. ॲसेटिक ॲसिडच्या तपासणीला काही मिनिटे लागतात. उपाशी राहावे लागत नाही, पावडर प्यावी लागत नाही, आणि निकाल तिथेच कळतो.