चालक हवाच, कॉलर धरायला

विनाचालक मोटारीला लोक घाबरतात. ‘ट्रिपल ए’ या अमेरिकेतल्या मोटारमालकांच्या संघटनेने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा ६८ टक्के लोकांनी ही भीती कबूल केली. त्याच देशात माणसांनी चालवलेल्या गाड्या वर्षाला चाळीस हजार जीव घेतात, त्याची पाहणी कोणी करत नाही. आपण तर त्यांच्याही पुढे. सरकारी हिशेबाने २०२२ साली आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे रोज साडेचारशेच्या वर. यंत्राने हा पराक्रम आठवडाभर केला असता तर संसद बंद पडली असती. माणसाने केला की ‘त्याची वेळच भरली होती’ म्हणून आपण पुढचा टोलनाका गाठतो. तेव्हा प्रश्न जिवाचा आहे हे काही पटत नाही. अडचण एवढीच की यंत्राची कॉलर धरता येत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला माणसाने चालवलेल्या गाडीने उडवले. ती ‘क्रूझ’ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीपुढे पडली आणि टॅक्सीने तिला सुमारे वीस फूट फरफटत नेले. सुमारे तीन आठवड्यांत टॅक्सीचा परवाना थांबला. फरफटीचे चित्रण कंपनीने आधी दाखवले नाही असा ठपकाही होता, त्यामुळे शिक्षा वाजवीच. पण पहिली धडक देऊन पळालेला माणूस? त्याची आठवणही कोणी काढत नाही. त्याआधी २०१८ मध्ये ॲरिझोनात ‘उबर’च्या चाचणीतल्या गाडीखाली एक पादचारी बाई मेली. कंपनीवर फौजदारी गुन्हा होत नाही, असे सरकारी वकिलांनी ठरवले आणि देखरेखीला बसवलेल्या बाईंना तीन वर्षांची प्रोबेशन मिळाली. मोबाइलवर कार्यक्रम बघणे ही त्यांची चूक होतीच. तरी गाडी विनाचालक असतानाही खटल्यासाठी चालक सापडला, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

यावर कोणी म्हणेल, रोजगाराचे काय? डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी सांगितलेच की सत्तर-ऐंशी लाख चालकांच्या पोटावर पाय येईल, म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही. काळजी रास्त आहे. मात्र त्याच चालकाने दिवसाला आठच तास गाडी चालवावी असे १९६१च्या कायद्याने सांगितले होते, ते कागदावरच राहिले, आणि नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा व्हायला २०२५चा ऑक्टोबर उजाडावा लागला. नोकरी वाचवायची घाई, झोपेचे मात्र बघू कधीतरी! दुसरा आक्षेप असा की यंत्राला आपले रस्ते कळणार नाहीत. शंभर टक्के खरे. उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीला रस्ता देऊन वर तिच्याच शिव्या खाणे त्याला कोण शिकवणार? दिल्लीत २०२०च्या डिसेंबरपासून विनाचालक मेट्रो धावते आणि तिच्यात लोक निवांत डुलक्या काढतात, कारण रुळांवर कोणी उलटा येत नाही.

तेव्हा विनाचालक गाडी नाही आली तरी चालेल. चालक असलेल्या गाडीला मात्र सॅन फ्रान्सिस्कोचा न्याय लावा: माणूस चिरडला, तर परवाना तीन आठवड्यांत थांबला पाहिजे.