आधी माघार कोण घेतो

पुरामुळे प्रवास बुडाला तर पैसे परत मिळणार की नाही, हे पाऊस किती पडला यावर ठरत नाही. आधी माघार कोणी घेतली, यावर ठरते. नांदेड स्थानकावर हा सामना पावसाळाभर चालतो. रेल्वेने गाडी रद्द केली तर पूर्ण भाडे परत. ई-तिकिटाचे आपोआप, खिडकीवरचे तिकीट मात्र नेऊन द्यावे लागते. पण गोदावरीचा रंग पाहून प्रवाशानेच शहाणपणा केला, तर गाडीला थोडेच तास उरले असता निम्मे भाडे जाते आणि अगदीच कमी उरले असता सगळेच. म्हणून विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली तरी मुरलेला प्रवासी बॅग भरत राहतो आणि रेल्वे कधी घाबरते याची वाट पाहतो. गाडी 3 तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल, तर प्रवास न करता पूर्ण पैसे मागता येतात. त्यासाठीचा टीडीआर अर्ज मात्र ती सुटण्याआधी भरायला हवा. गाडी 2 तास 50 मिनिटे उशिराने आली, की फलाटावर काही चेहरे खरोखर पडतात.

खासगी सहलीत एवढीही शिस्त नसते. इस्लापूरजवळचा पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा हे याचे उत्तम उदाहरण. पाणी नसेल तर तिथे काळा कातळ पाहायचा, आणि पाणी मनासारखे झाले की पोलीस पाहायचे. ज्या पुरासाठी जीप ठरवली, त्याच पुराने सहल रद्द होते. जीपवाल्याचे धोरण एका वाक्याचे असते: “पैसे कुठं पळून चाललेत मालक, पुढच्या रविवारी जाऊ.” पुण्याकडच्या पवना धरणाकाठच्या तंबूवाल्यांकडे हेच छापील असते, ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही, तारीख बदलून मिळेल’.

कायदा इतका निष्ठुर नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 56 नुसार काम पार पाडणेच अशक्य झाले तर करार रद्द ठरतो, आणि कलम 65 नुसार घेतलेला लाभ परत करावा लागतो. चिखल झाला, बायकोने नको म्हटले, ही अशक्यता नव्हे; जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली किंवा तंबूच नदीत गेला, तर होय. छापील अट फारच एकतर्फी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हजार रुपयांच्या अ‍ॅडव्हान्ससाठी तारखांना येण्याजाण्याचे भाडे मात्र स्वतःचे.

नांदेडहून पनवेल एक्सप्रेसने परळीमार्गे लातूर गाठले, की हे सगळे नियम गारठतात. ते अचानक कोसळणाऱ्या संकटासाठी लिहिलेले. लातूरचा दुष्काळ महिनोन्महिने सावकाश आला आणि कोणत्याच फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता. मार्च 2016 मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी आले, पुढे ही ‘जलदूत’ गाडी 50 वाघिणींची झाली. मे महिन्यात रेल्वेने या फेऱ्यांचे सुमारे 4 कोटींचे बिल लातूरला पाठवले. गदारोळ झाल्यावर रेल्वेचे उत्तर होते, की बिल जिल्हा प्रशासनानेच मागितले होते.